हौसाची नखं

कार्तिकातलं ऊन टोमॅटोच्या मांडवावर हळूहळू चढत असायचं, तारांवरचं दव नुकतं सुकलेलं असायचं, आणि त्या शांततेत ओळीच्या पलीकडून एक बारीक, कोरडा आवाज यायचा. कणगीतल्या उंदरानं ज्वारीचा दाणा फोडावा तसा. कट्. मग जराशी उसंत, मग पुन्हा कट्, आणि त्यामागोमाग जिभेच्या टोकानं केलेलं हलकं थू. तो आवाज माझ्या बायकोचा, हौसाचा. ती नखं खायची. बायका काम करताना गुणगुणतात, बांगड्या वाजवतात, पोरांना हाका मारतात. हिची शिवारातली खूण ही अशी होती. आणि खरं लिहायचं तर मला तिची किळस यायची. आता ती नाही म्हणून गोड लिहावं, असा माझा हात वळत नाही.

तशी हौसा देखणी. घोडेगावच्या वरल्या अंगाची, डोंगरातला पाऊस पिऊन वाढलेली. आमच्या जुन्नरच्या कोरड्या, पांढऱ्या उजेडात आली तेव्हा भाताच्या रोपासारखी कोवळी दिसायची. तिच्या चालण्यात पाण्याचा उतार होता, मानेत संध्याकाळची सावली होती. पण नजर घसरत हातांवर आली की सगळी शोभा तिथंच नासायची. बोटांची टोकं सुजलेली, लालबुंद, थुंकीत सतत भिजून पांढरट पडलेली, मोड आलेल्या वालाची साल सुटावी तशी कातडी सुटलेली. नखाच्या जागी अर्धवट खाल्लेली चकती, आणि तिच्या कडेला सुकल्या रक्ताची काळी रेघ. विहिरीवरच्या मोटारीची लाइट यायची वाट बघताना, एसटीची वाट बघताना, चुलीवरचं दूध वर यायची वाट बघताना ती बोटं आपोआप तोंडात जायची. वाट बघणं हाच त्या बाईचा खरा धंदा असावा. कशाची वाट, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा भाकरीत नख आलं. चंद्रकोरीसारखं, पांढरं, माझ्या दाढेखाली. पंगतीला वारूळवाडीचे पाहुणे होते. मी घास हातावर काढला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, "बघा पावणं, आमची बाई पीठ दातानं मळती." पाहुणे पोट धरून हसले. हौसा चुलीकडं तोंड करून बसली, आणि तिच्या पाठीवर जाळाचा उजेड तेवढा थरथरत राहिला. त्या दिवसापासून मी तिच्या हातचं खाणं सोडलं. नऊ वर्षांची आमची मंगल माझ्यापुरत्या भाकरी थापू लागली. वाकड्या, जाड, करपलेल्या. मी त्या मिटक्या मारत खायचो, हौसाला दिसेल असा.

आमच्याकडं लग्न ठरलं की सवाष्णी वळवटाला बसतात. रव्याचं पीठ मळून गव्हले, बोटवे, मालत्या आणि नखुली हातानं वळायची, सुपात वाळवायची. त्यांची खीर हळदीच्या दिवशी घरच्यांना आणि रुखवतात त्यांचं ताट नवरीच्या सासरी. त्यातलं नखुल्यांचं काम सगळ्यांत नाजूक. मुगाएवढी गोळी करंगळीवर धरायची आणि अंगठ्याच्या नखानं अशी दाबायची, की तिला नखासारखा बाक यावा. नवरीची नखुली नवरीच्या आईनं करायची, ही आमच्या भावकीतली चाल. माझी थोरली बहीण, आक्का, पिंपळवंडीला दिलेली. मंगल अठराची झाली त्या साली आक्काच्या लेकीच्या वळवटाला हौसा गेली, पाट ओढून बसली, तर आक्कानं तिच्या पुढ्यातलं पीठ उचललं.

"तू ऊठ गं. उष्ट्या हाताचं वळवट नको मला."

"धुतलेत, वन्सं."

"धुतलेस, पण नखं कुठायत? का नखुली दातानं पाडणार हायेस?"

बायका खिदळल्या. मी ओसरीवर होतो, मीही हसलो. मग आक्का तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "उद्या मंगलच्या टायमाला काय करशील? शेजारणीची नखं उसनी आणशील?"

घरी परतताना एसटीत हौसा खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्यानंतर तिचं बोट मी पुन्हा तोंडात गेलेलं पाहिलं नाही.

सोडणं म्हणजे काय असतं, ते मी तिच्यात बघितलं. माहेरून भावानं आणलेला बाळहिरडा कुटून त्याची पूड ती बोटांना चोळायची. चुकून जीभ लागली की तुरटपणानं सगळं तोंड आकसायचं, डोळ्यांत पाणी यायचं. हात मोकळा राहू नये म्हणून ती सुतळी वळायची, शेंगा फोडायची, काहीच नसलं तर पदराचा काठ मुठीत आवळून बसायची. नखं आली, पण कसली! कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, मऊ, पदरपदर सुटणारी. भांडं घासताना उलटी दुमडायची, गोधडीच्या दोऱ्यात अडकून उभी चिरायची. मला तर ती आधीच्या थोटकांपेक्षाही वंगाळ वाटायची; बिळातून अर्धवट बाहेर आलेल्या आंधळ्या किड्यासारखी.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं, नखं वाढवायची घाई करू नका, बारीक ठेवा, सोड्यात नि पाण्यात हात कमी घाला, तेल मुरवा. हौसानं ते सगळं देवाचं करावं तसं केलं. सांजेला दिवा लागला की वाटीभर तिळाचं तेल कोमट करून ती एकेका बोटाला जिरवायची. त्या पिवळ्या उजेडात तिची मान इतकी वाकलेली असायची, की पोथी वाचतेय असं वाटावं. कडा खरखरीत झाली की काडेपेटीच्या कुशीवर घासायची. टोमॅटो बांधायला जाताना बोटांना चिंध्या गुंडाळायची. सकाळी नाचणीची आंबील प्यायची, शेवग्याचा पाला रांधायची. मंगल एकदा बाजारातून नखाचा रंग घेऊन आली.

"आई, ह्ये लाव की. टीव्हीत बघ, कसं मजबूत मजबूत म्हणत्यात."

"रंग नगं बाई, मला नख पायजे."

मंगलचं लग्न ठरलं तोवर वर्ष उलटलं होतं. दहाही बोटांवर नखं उभी राहिली होती, गुलाबी, जराशी पातळ, पण अखंड. वळवटाला तीन आठवडे होते, आणि तिथं मी माती खाल्ली.

टोमॅटोच्या मांडवाचे बांबू जमिनीत कुजू नयेत म्हणून मी त्यांची टोकं मोरचुदाच्या पाण्यात भिजत घालायचो. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, पिकावर रोगासाठी फवारतात ते. ड्रममधलं पाणी आभाळासारखं निळं झालं होतं आणि माझ्या डोक्यात आलं, की ओल्या मातीत बांबूचं टोक टिकतं, तर नखाला काय धाड भरलीय? खरं सांगतो, मदत करायची बुद्धी अर्धीच होती. उरलेली अर्धी, ती नखं एकदाची घट्ट होऊन माझ्या डोळ्यांपुढनं जावीत, ही होती. मी हौसाला हाक मारली, तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि त्या पाण्यात बुडवला. ती हलली नाही. "चुरचुरतंय," एवढंच बोलली, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिचा हात मी आपणहून धरला, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. म्हणूनच तिनं तो तिथं ठेवला, हे मला आज कळतं.

तिसऱ्या दिवशी बोटांच्या कडा जळून निघाल्या. उजव्या हाताच्या नखांवर हिरवट-निळी झाक चढली आणि आठवडाभरात त्यांचे पापुद्रे सुटून टोकं गळाली. वर्षभराचं तेल आणि वर्षभराचा हिरडा मी घटकाभरात नासवला. ती हाताला चिंधी गुंडाळून डाव्या हातानं शेंगा फोडत बसली. तिच्या शांततेचीही मला शिसारी आली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

वळवटाच्या दिवशी अंगणात कोवळं ऊन होतं, सुपं मांडली होती, पिठाला तुपाचा वास होता. हौसा आली, बसली, आणि नखुली डाव्या अंगठ्यानं दाबू लागली. आक्काचा आवाज चढला.

"अगं ए, शुभकार्याला डावा हात? लाज हाय का?"

हौसानं वर बघितलं नाही. "वन्सं, उजवा तुमच्या भावानं मोरचुदात बुडवला. ह्यो डावा माझा हाय."

कुणीच हसलं नाही. पाटलांची म्हातारी म्हणाली, "करू द्या गं, आई हाय ती." मंगल तिच्या शेजारी येऊन बसली आणि एकेक नखुलं उचलून सुपात मांडू लागली. सवय नसलेल्या हाताचं काम ते. काही तिरकी, काही जाड. पण प्रत्येकावर नखाची एक स्वच्छ, बारीक कोर उमटलेली. उन्हात ते सूप शिंपल्यांनी भरलेल्या काठासारखं दिसत होतं, आणि हौसाच्या चेहऱ्यावर, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, कशाचीही वाट बघणं नव्हतं.

हळदीच्या दुपारी खीर झाली. वाटी घेऊन ती स्वतः माझ्यापुढं आली. वाटीत केशराचा रंग, वर तरंगणारी नखुली, आणि वाटीच्या काठावर तिचा अंगठा, अजून हिरवट, सोललेला. मी मान वळवली. "ठिव तिथं," मी म्हणालो. ती गेल्यावर मी वाटी उचलली आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाटीत ओतली. वळलो तर दारात हौसा उभी, हातात पाण्याचा तांब्या.

"आवडली का तिला?" तिनं विचारलं, आणि तांब्या ठेवून लग्नाच्या मांडवाकडं गेली.

त्यानंतर ती दहाएक वर्षं जगली. नखं धडधाकट झाली, मेथी खुडायला गेली की बायका तिच्या हाताचं कौतुक करायच्या. मंगल सासरी गेल्यावर मी हौसाच्याच हातच्या भाकऱ्या खाल्ल्या, गुमान, रोज, आणि त्या चांगल्या होत्या. मला वाटलं, त्यात सगळं फिटलं. पण घरात खीर पुन्हा शिजली नाही. मी मागितली नाही, तिनं विचारलं नाही. मग एका पावसाळ्यात काविळीनं ती गेली. शेवटची आंघोळ घालताना जावा म्हणाल्या, "नखं बघा, नवरीसारखी." मी बघायला आत गेलो नाही, ह्या वेळी मला माझ्याच तोंडाची घाण वाटत होती.

ती घाण अजून जात नाही. हौसाचा आवाज आता विसरत चाललो आहे, तिची चाल आठवायला डोळे मिटावे लागतात. काळ माणसाला असा कडेकडेनं झिजवत नेतो. पण जिला मी तोंड लावलं नाही त्या वाटीची चव मात्र झिजत नाही, कारण ती कशी होती हे मला कधीच कळलं नाही, आणि जे कळलंच नाही ते विसरायचं कसं, हे सांगणारी बाई आता घरात नाही.