एका वेळी एकीनेच बोलायचं

वायरलेसचा पहिला नियम: एका वेळी एकानेच बोलायचं. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. ही गोष्टही तशीच सांगतो. एका वेळी एकच जागा.

टाकी.

टेकडीवर पाण्याची टाकी. टाकीच्या सावलीत माझी पावाची गाडी. गाडीच्या टपावर माझी बायको, डोळ्यांना दुर्बीण लावून. मी बेकरीवाला. गाडी माझी, पण हवा बिघडली की तिची. शिवणयंत्रावर चादर टाकते, गळ्यातली टेप काढायचीही विसरते आणि टपावर चढते. तिच्यासारखी दहा-बारा माणसं गावाच्या कडेकडेने उभी असतात, प्रत्येकाकडे एक सेट. लोक आम्हाला आभाळवाले म्हणतात. आभाळ बघायचं आणि दिसेल तेवढंच सांगायचं. "वाटतं" हा शब्द बंद. "ढगाला झालर लागलीय" हेसुद्धा बंद, बायकोसाठी खास.

टेबल.

टेबल कंट्रोल रूममध्ये. तिथे माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. दवाखान्यात नर्स आहे आणि निरोपवाल्यांची प्रमुख. फोन बंद पडले की दवाखाना, अग्निशमन दल, शाळा, निवारे यांच्यामध्ये ही मंडळी निरोप पोचवतात. जसा आला तसा. शब्द बदलला तर मेहुणी माणूस बदलते.

तळं.

तळं टेकडीच्या अलीकडे, पायथ्याशी. तिथे काठवाले, म्हणजे बुडणाऱ्यांना काढणारे. त्यांचे प्रमुख शिट्टीसर. शाळेत खेळ शिकवायचे, शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही. काठवाल्यांचे छोटे सेट फक्त टेबलाशी बोलतात, टाकीशी नाही. म्हणजे टेकडीवरून तळ्यापर्यंत काही पोचवायचं तर ते बहिणीच्या तोंडातूनच जायला हवं.

आणि पाण्यात माझ्या सासूबाई.

आज तळ्यावर साठीपुढच्या बायकांची वल्हवण्याची शर्यत होती. सासूबाई वल्हवत नाहीत. त्या बोटीच्या मागच्या टोकाला बसून सुकाणू धरतात आणि ओरडतात. दोन्ही कामांत त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"या वयात पाण्यात?" बायको म्हणाली होती.

"मग कोणत्या वयात? पोहता येत नव्हतं तेव्हा?"

मेहुणीने वेगळं येऊन विचारलं होतं, "आई, तुझं ब्लडप्रेशर?"

"ते घरी ठेवून जाते."

मग त्यांनी अट घातली. "दोघी मिळून या. एका तोंडाने नको म्हणा. त्याच क्षणी सुकाणू सोडते. वेगवेगळं आलात तर ऐकणार नाही, आधीच सांगून ठेवते."

दोघी मिळून आल्या नाहीत. येणार कशा? वर्षभर बोलत नव्हत्या.

मागच्या वादळात सगळे एकाच चॅनेलवर होते. बायकोला टाकीवरून सोसाट्याचा वारा दिसला, तिने बटण दाबलं. त्याच क्षणी मेहुणीला दवाखान्याचा निरोप द्यायचा होता, तिनेही दाबलं. दोघींचं बोलणं एकमेकांवर आपटलं आणि गावाला ऐकू आली फक्त एक लांबलचक किंचाळी. बाजारातले सगळे मंडप उडाले. कोणाला खरचटलंही नाही, पण एक मंडप अजून बँकेच्या गच्चीवर आहे.

"तू मध्ये बोललीस."

"मी? मध्ये तू बोललीस."

तेव्हापासून चॅनेल वेगळे आणि बहिणीही. बोलायच्या त्या फक्त सेटवर. "टेबल, टेबल, टाकी." "टाकी, बोला." एकमेकींना "बोला" म्हणतात! ऐकताना मलाच लाजल्यासारखं व्हायचं.

आज सगळ्या गटांचा एकत्र सराव होता. कंट्रोल रूमच्या साहेबांनी प्रत्येक ठाण्याला पाकीट दिलं होतं, आत खोटी वादळं. प्रत्येक निरोपाच्या पुढे आणि मागे "सराव" म्हणायचं. शिवाय साहेबांनी तंबी दिली होती, "मी कुठेतरी सापळा लावलाय. सराव न म्हणता कोणी काही सांगितलं तर तो निरोप घ्यायचा नाही, परत पाठवायचा." गटांतल्या सगळ्यांचे फोन कंट्रोल रूमच्या दारातल्या टोपलीत जमा. मी कुठल्याच गटात नाही, माझा खिशातच. आभाळ सकाळपासून घासून ठेवलेल्या परातीसारखं.

टाकी.

बायकोने पाकिटातलं तिसरं वादळ वाचलं. "सराव. पूर्वेला गारा, लिंबाएवढ्या. सराव." पूर्वेला एक शेळी चरत होती.

मग वारा पडला. कोणी दार लावून घ्यावं तसा. बायकोने मान वळवली.

"अहो, वीटभट्टीची धुरांडी कुठे गेली?"

धुरांडी नव्हती. धुरांड्यांच्या जागी एक तपकिरी भिंत होती आणि भिंतीवर काळा ढग ओठंगला होता. आता सांगायला हरकत नाही, त्याला झालर होती.

तिने बटण दाबलं. आवाज सरळ, हात सरळ. "टेबल, टेबल, टाकी. सराव. पश्चिमेला धुळीची भिंत. वीटभट्टी दिसेनाशी. तळ्याच्या दिशेने येतेय. सराव."

टेबल.

पडद्यावर नकाशा दाखवायचा म्हणून खिडक्या झाकलेल्या. मेहुणीने निरोप तळ्याला दिला. शब्द न शब्द.

तळं.

पश्चिम टेकडीमागे लपलेली. शिट्टीसर म्हणाले, "मिळाला. सराव." आणि शर्यतीची शिट्टी फुंकली.

टाकी.

"अहो, बोटी निघाल्या! वळत का नाहीत?"

"अगं, तू सराव म्हणालीस."

"मी?"

"पुढे पण आणि मागे पण."

बायकोचा चेहरा असा झाला, जसा कापून झालेल्या कापडावर माप चुकल्याचं कळल्यावर होतो. "टेबल! हा सराव नाही. खरं आहे. खरं वादळ."

"टाकी, निरोप अपूर्ण. सराव शब्दासह पुन्हा सांगा."

"अहो, खरंच आहे!"

"टाकी, कृपया शिस्त पाळा."

सापळा. मेहुणीला वाटलं, हाच तो साहेबांचा सापळा. तिची चूक नाही. सकाळपासून ती त्याचीच वाट बघत होती. साहेबांना विचारावं तर ते खाली गेलेले, कोणीतरी त्यांच्या जागेत गाडी लावली होती. मी शिट्टीसरांना फोन लावत होतो. तो वाजत होता टोपलीत.

टपावर पहिली गार पडली. टण्ण.

खाली पाच बोटी, छोट्या, लांबट. सगळ्यांच्या पुढे लाल टोपी. एवढ्या उंचीवर आवाज येत नव्हता, पण ती टोपी ओरडत होती हे दिसत होतं.

बायको टपावर खाली बसली. दुर्बीण बाजूला ठेवली. सेट अगदी तोंडाशी धरला आणि वर्षभर न वापरलेलं घरातलं नाव घेतलं. सेटवर नावं घ्यायची नसतात, घरातली तर नाहीच नाही.

"चिमे."

बटण सोडलं, पुन्हा दाबलं.

"चिमे, आईला नको म्हणायचंय. दोघींनी. आत्ता. म्हणतेस का?"

टण्ण. टण्ण.

"ताई," सेट म्हणाला. "किती वेळ आहे?"

"भट्टी गेली. आता कालव्याचा पूल जातोय. पूल... गेला."

"कळलं."

टेबल.

मेहुणी उठली तेव्हा खुर्ची पडली, हे तिनेच नंतर सांगितलं. तळ्याचा सेट उचलला आणि निरोपवाल्यांच्या इतिहासात पहिल्यांदा शब्द बदलला. "काठ! सराव रद्द. खरं वादळ. सगळ्या बोटी बाहेर."

दारात साहेब, हातात किल्ली. "सराव फक्त मी थांबवू—"

"मग थांबवा ना!"

साहेबांनी खिडकीवरचा पडदा ओढला. बाहेर बघितलं. भल्या माणसाने तिसऱ्या टेबलावरचा सेट घेऊन अग्निशमन दलाला उठवलं, शाळेला मुलं आत घ्यायला सांगितली. टेकडीचं डोळ्याला दिसलेलं, निरोपवाल्यांच्या तोंडून, अर्ध्या गावाच्या कानात.

तळं.

शिट्टी. शिट्टी. शिट्टी. चार बोटी वळल्या.

पाचवी नाही.

"शिट्टीकडे बघू नका पोरींनो!" सासूबाई ओरडल्या. त्यांच्यातली सगळ्यात धाकटी पोर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. "आपण पुढे आहोत ना, म्हणून पोटात दुखतंय त्यांच्या! ओढा!"

शिट्टीसरांनी टेबलाला कळवलं, "एक बोट ऐकत नाही. कोणती ते—"

"सांगू नका," मेहुणी म्हणाली. "भोंग्यावर बोला. शब्द बदलायचा नाही. तुमच्या दोन्ही मुली एका तोंडाने सांगताहेत, परत फिरा."

शिट्टीसरांनी भोंगा तोंडाला लावला. तळ्यावर, काठावर, काठावरच्या सगळ्या प्रेक्षकांवर आमच्या घरची भानगड घुमली. "तुमच्या दोन्ही मुली! एका तोंडाने! सांगताहेत! परत फिरा!"

लाल टोपीने हात वर केला. वल्ही थांबली. सासूबाईंना भोंग्याची गरज नव्हती.

"एका तोंडाने? की एक सांगतेय आणि दुसरी नुसती मान डोलावतेय?"

शिट्टीसर शिस्तीचा माणूस. त्यांनी हेही टेबलाला कळवलं. शब्द न बदलता.

टेबल.

"ऐकवतेच तिला!" मेहुणी म्हणाली. तिने दोन्ही सेट तोंडाला तोंड लावून धरले, टेकडीचा आवाज तळ्याच्या सेटमध्ये जाईल असे. "शिट्टीसर, तुमचा सेट भोंग्याला लावा. ताई, बोल!"

टाकी.

बायको टपावर. मी गाडीतून पावाचा रिकामा ट्रे आणून तिच्या डोक्यावर धरलेला, माझ्या डोक्यावर काही नाही. तिने बटण दाबलं. तिकडे टेबलावर मेहुणीलाही राहवलं नाही.

सगळीकडून, एकदम:

आईबाआईअगंहेरबासोडतेयेसुहेरकाणूआधीयेगं माझे आई ई ई ई ई ई ईं ईं ईं

भोंग्यातून एक लांबलचक किंचाळी निघाली. झाडांवरचे पक्षी उडाले. मागच्या वर्षी जी ऐकली होती तीच, हुबेहूब तीच.

तळं.

शिट्टीसरांनी कानातलं बोट काढलं. भोंग्यावर प्रामाणिकपणे सांगितलं, "दोघी एकदम बोलल्या. काहीही कळलं नाही."

सासूबाई हसल्या. काठावरच्यांनी सांगितलं, तेवढं मोठं हसू त्यांनी कधी पाण्यावरून येताना ऐकलं नव्हतं.

"म्हणजे त्याच आहेत! वळा गं! ओढा!"

बोट अशी आली की शर्यतीत तशी आली असती तर प्रश्नच नव्हता. शिट्टीसरांनी एकेकीला हात देऊन ओढलं, बोटघरात ढकललं, शेवटी स्वतः आत शिरून दार लावलं. आणि टेकडीवरून ती भिंत खाली उतरली. तळं उकळायला लागलं. काठावर ओढून ठेवलेली एक रिकामी बोट उठली, पालथी झाली आणि तशीच निवांत पडून राहिली.

बोटघर.

आता नियम संपला. आता सगळेच एका जागी.

वादळ गेलं तेव्हा आम्ही खाली पोचलो. गाडीच्या टपावर इतके पोचे होते की गाडीवरच्या चित्रातला पाव त्यापुढे सपाट वाटत होता. मेहुणी साहेबांच्या गाडीतून आली. उतरल्या उतरल्या धावली ती आईकडे, आणि मध्ये बायको उभी होती. दोघी थबकल्या.

"तू सराव का म्हणालीस?" मेहुणी म्हणाली.

"तू ऐकलं का नाहीस?"

"मी? मला शिस्त आहे."

"शिस्त! चिमे, तुझे केस बघ. खिडकीशिवाय बसून कसे झालेत ते."

"आणि तू गळ्यात टेप घालून आलीस. वादळाचं माप घेणार होतीस?"

आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात, टेपसकट.

सासूबाई चषकावर हक्क सांगत होत्या. "पुढे आम्हीच होतो."

"जाताना पुढे होतात," शिट्टीसर म्हणाले. "येताना शेवटच्या."

"येण्याची शर्यत नव्हतीच मुळी!"

साहेब ओल्या कागदांची गुंडाळी काखेत धरून विचारत होते, की पुढच्या महिन्यात टेकडीचा एक सेट थेट तळ्यालाही जोडावा का. कोणी ऐकत नव्हतं. नंतर जोडला तो.

आम्ही घरी निघालो. दोघी बहिणी गाडीच्या मागे, पावाच्या ट्रेंमध्ये बसल्या. सासूबाई पुढे माझ्याशेजारी, अंगाभोवती मैद्याचं रिकामं पोतं, लाल टोपी मांडीवर पिळून ठेवलेली. मागे वर्षभराचं बोलणं सुरू झालं होतं. कोण कुठे चुकलं, कोणाच्या मुलाचे दात, कोणती शेजारीण, आईचं ब्लडप्रेशर. दोघी एकाच वेळी, एकही थांबत नव्हती.

"काही कळतंय का?" मी सासूबाईंना विचारलं.

"शब्द नाही," त्या म्हणाल्या, आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी त्यांच्या बाजूची काच वर केली.