पंचवीस वॅटचा जोड

कसबा बावड्यात बसलिंगाप्पाला नावानं कुणी हाक मारत नसे. तो रेडिओवाला आप्पा. चाळीस वर्षं त्यानं रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त केले, तेही एकाच पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर. केसाएवढ्या तारेवर मोहरीएवढा कथलाचा थेंब ठेवावा तर आप्पानंच. माणसाला आपल्या हाताचा अभिमान असावा, पण आप्पाला तो जरा जास्तच होता, आणि गावानं तो लाडानं पोसला होता.

त्याच्या बायकोला, रत्नव्वाला, दोन वर्षांपासून ऑक्सिजनचं मशीन लागत होतं. वीज गेली की ते इन्व्हर्टरवर चालायचं. पण बॅटरीच्या ॲसिडच्या वासानं तिला खोकल्याची उबळ यायची, म्हणून सुनेनं, वर्षाराणीनं, बॅटरी बाहेर सोप्यात हलवायचं ठरवलं. त्याला बॅटरीची तार आठ फूट कमी पडत होती. करंगळीएवढी जाड तांब्याची तार, तिला तुकडा जोडायचा होता.

"मामा, इन्व्हर्टरवाल्याला बोलावते," वर्षाराणी म्हणाली.

"मग मी काय मेलोय व्हय?" आप्पा म्हणाला.

तो कथील आणायला लक्ष्मीपुरीत धैर्यशीलच्या दुकानात गेला. धैर्यशीलनं काम विचारून घेतलं आणि न मागता शंभर वॅटचा आयर्न काउंटरवर ठेवला.

"आप्पा, तुमच्या पंचवीसनं न्हाय व्हायचं. जाड तार सगळी धग वढून न्हेती. वरनं कथील बसल्यागत दिसतंय, आत तार कोरडीच ऱ्हाती. ह्यो न्या, काम झालं की आणून द्या. पैशाचं ऱ्हाऊ दे."

हे आप्पाला माहीत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षांनी लहान माणसानं चार गिऱ्हाइकांसमोर त्याला कथील कसं बसतं हे सांगावं, ते झोंबलं. त्यानं तो सोट्यासारखा आयर्न उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"असलं बादल्यांस्नी डाग देणाऱ्यांनी वापरावं. हात असला की पंचवीस पुरतंय."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी ही जात. धैर्यशीलनं कथलाचं रीळ कागदात बांधून दिलं.

घरी आप्पा तासभर त्या जोडावर वाकून होता. कथील धरेना, गोळी होऊन खाली पडे. शेवटी कसंबसं वरून बसलं. ते त्यानं पुसून चकचकीत केलं, वर काळी टेप गुंडाळली. मग मेन स्विच बंद करून पाच मिनिटं मशीन चालवून दाखवलं. चाललं.

"ह्यांनी जोडल्यालं कवा सुटलंय का?" रत्नव्वा अंथरुणावरून सुनेला म्हणाली. आप्पाला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

अकराव्या दिवशी भर दुपारी वादळ झालं. कारखान्याच्या बाजूला झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. मशीन पाऊण तास इन्व्हर्टरवर चाललं, मग शिट्टी मारून थांबलं. आप्पा सोप्यात धावला. टेप वितळून कथील फरशीवर गळलं होतं आणि जोड सुटला होता. तारेच्या आतल्या बटा तांबड्याच, कोऱ्या. कथील तिथवर पोचलंच नव्हतं.

सवयीनं त्यानं आयर्न काढून त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटात खोचली. मग ध्यानात आलं, वीजच नाही.

तारांना पीळ घालावा तर वरच्या कथलानं त्या काठीसारख्या ताठ झालेल्या. त्यानं पकडीनं दोन्ही टोकं एकावर एक दाबून धरली. आत मशीन पुन्हा सुरू झालं.

"अव्वा, मी ॲम्ब्युलन्सला सांगू?" वर्षाराणीचा आवाज आला.

"कशाला गं? ते लागल्यात की कामाला," रत्नव्वा एकेक शब्द तोडत म्हणाली.

वर्षाराणीनं तरीही फोन लावला. रस्त्यात झाडं पडलीत, वेळ लागेल, असं पलीकडून सांगितलं.

आप्पाचा हात म्हातारा. पकड थरथरायची, टोकं सरकायची आणि मशीन थांबायचं. पुन्हा सुरू झालं तरी नीट ऑक्सिजन यायला त्याला दोन-तीन मिनिटं लागत. असं किती वेळा झालं ते त्यानं मोजलं नाही. पकड तापली तशी बोटं भाजू लागली. सोडून सुरी आणावी, बटा मोकळ्या कराव्यात असं मनात येई, पण सोडलं की रत्नव्वाचा श्वास तुटणार. शंभरचा आयर्न धैर्यशील फुकट देत होता, हे त्याच्या डोक्यातून हलेना. त्यानं दात आवळले आणि दुसरा हातही पकडीवर आणला. यावेळी टोकं सरकली नाहीत. मशीन एका लयीत चालू राहिलं. त्याला वाटलं, जमलं.

बऱ्याच वेळानं वर्षाराणी बाहेर येऊन त्याच्याजवळ बसली.

"मामा, सोडा आता."

"ॲम्ब्युलन्स आली?"

"न्हाय. अव्वा गेल्या. मगाशीच गेल्या."

आप्पानं ऐकलं, पण हात सोडला नाही. वर्षाराणीनं त्याचं एकेक भाजलेलं बोट पकडीवरून उकललं. शेवटचं बोट सुटलं तेव्हा आत मशीन शिट्टी मारून थांबलं.