मी फक्त नंबर पुकारत होतो

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. मुलांच्या दवाखान्यात, छताला लागून बसवलेला. आधी कर्कश घंटा आणि मग नंबर, एवढेच माझे काम. मला बसवणारा मिस्त्री म्हणाला होता, "बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल!" तेव्हापासून मी हवेतच होतो. आज ते आठवले की तोंड लपवावेसे वाटते.

परक्या मुलखातून आलेली एक आई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन यायची. लेक स्वमग्न होती. इथे तपासणी झाल्याशिवाय तिला शाळेत जागा मिळणार नव्हती. आईला इथली भाषा येत नव्हती, आकडे तेवढे तिने पाठ केले होते. पण मी पहिल्या दोन-तीन नंबरांनाच असा खेकसायचो, की लेक कान दाबून किंचाळत बाहेर धावायची आणि आई तिच्यामागे. मग त्यांचा नंबर यायचा. मी तो तीनदा पुकारायचो आणि पुढे जायचो. दोन खेपा अशाच गेल्या. खिडकीवरच्या कारकुनाने फाइलवर लिहिले, 'पालक गैरहजर'. मीही मनात म्हटले, यांना वेळेची किंमतच नाही!

तिसऱ्या खेपेला शाळाप्रवेशाची मुदत संपायला एकच दिवस उरला होता. पुन्हा तेच झाले. आई बाहेर पायरीवर रडत बसली. झाडलोट करणाऱ्या मावशी तिच्याच मुलखातल्या. त्यांनी तिची विचारपूस केली आणि केरसुणी हातात घेऊनच त्या तडक खिडकीपाशी आल्या.

"साहेब, गैरहजर काय लिहिता? सकाळपासून बाहेर बसलीये ती! माझा मुलगाही असाच आहे. हा भोंगा वाजला की अशा पोरांचा जीव जातो."

"मग आधी सांगायचं ना, मावशी!"

"ती कोणत्या भाषेत सांगणार? आणि मी तरी कुठे बोलले? नोकरी जाईल म्हणून इतकी वर्षं गप्प बसले."

 कारकुनाने उठून माझी वायर काढली. मावशींनी कागदावर मोठा आकडा लिहून दारात धरला. थोड्या वेळाने लेक आईचे बोट धरून आत गेली.

आता दर मंगळवारी, अशा मुलांच्या तपासणीच्या दिवशी, मला बंद ठेवतात आणि मावशी अशा आयांजवळ बसतात. मी विचार करत राहतो, इथल्या माझ्या नऊ वर्षांत किती मुले अशी पळून गेली असतील? मला त्यांचे चेहरे आठवत नाहीत, कारण तोवर मी कधी नीट खाली पाहिलेच नव्हते. फार लाज वाटते.

मित्रांनो, हाक मारूनही कुणी आले नाही, तर आवाज चढवू नका. उठा आणि बघून या. मला उठता येत नाही, तुम्हाला येते.