कोब्यातला डोळा

पिंप्राळ्याच्या नव्या घरात मागच्या खोलीचा कोबा अभिमनने मोठ्या हौसेने करून घेतला. तो जळगावच्या एका चटई कारखान्यात सुपरवायझर होता. भंगारातलं प्लास्टिक दळून त्याचा चुरा थोड्या वाळूऐवजी काँक्रीटमध्ये घालायचा, हे खूळ त्याने धुळ्याच्या एका प्राध्यापकाकडून उचललेलं. "फुकटचा माल, अन् तडा जायचं नाव नाही," येईल त्याला सांगायचा.

त्याचा रांगता मुलगा भटू त्या खोलीत सोडला की सरळ खिडकीखालच्या कोपऱ्यात जायचा. जमीन थोपटायचा, आणि कुणी खेळवत असल्यासारखा हसायचा. एकदा भटूची आई प्रमिला तिथे ओला फडका फिरवत होती, तर तिचा हात जागीच थांबला. कोब्यात नखाएवढा पिवळा तुकडा होता. त्यावर लाल डोळा.

तो डोळा तिनेच काढलेला. नेलपॉलिशने. भडगावला राहत असताना, थोरल्या मुलीच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या बदकाचा डोळा पुसला गेला तेव्हा. पुढे ती पोर तापाने गेली, आणि रीतीप्रमाणे तिचं सगळं गिरणा नदीत सोडलं.

"आत्याबाई, सगळं सोडलं होतं ना? बदकही?"

"बठ्ठं मीच गिरणाम्हा सोडं व्हतं," सासू ताईबाई म्हणाल्या. हातातलं सूप खाली ठेवून मग हळूच, "कपडा बुडनात. बदक तेवढं तरंगत गयं, माय."

काठाला लागलं असणार. कुणी वेचलं, भंगारात दिलं, दळलं. प्रमिला बी.एस्सी. झालेली, तिला सगळं समजत होतं. पण समजून मन ऐकतं थोडंच? लेकीला नीट पोचवलंच नव्हतं. ती परत आली होती, आणि भटूला बोलवत होती. प्रमिलाने खोलीला कडी घातली.

"एवढ्याशा तुकड्यासाठी कोबा फोडू? शिकलेली ना तू?" अभिमन म्हणाला.

"शिकलेय. कडी नाही काढणार."

एका सकाळी भटूचं अंग तापलं. अभिमन खाजा मिस्त्रीला घेऊन आला.

खाजाने छिन्नी लावली. "वहिनी, हे फुटतंय, पण सुटत नाही. आतून कुणी धरून ठेवल्यागत..." बोलता बोलता त्याने जीभ चावली. शेवटी मुठीएवढा तुकडा निघाला, डोळ्यासकट.

भटूला सासूजवळ ठेवून प्रमिलाने तो तुकडा पदरात बांधला आणि एसटीने भडगाव गाठलं. गिरणेला गुडघाभर पाणी होतं. या खेपेला तरंगायची भीती नव्हती, सिमेंट होतं सोबत. "जा, बाई," ती म्हणाली, आणि सोडला. तो सरळ तळाशी गेला. पण पडला डोळा वर करून. पाण्यातून तिच्याकडे बघत राहिला.

मग ती साडी भिजवत आत उतरली, वाकली, आणि त्याला अलगद पालथं केलं. पोर पालथीच झोपायची.

परत आली तोवर भटूचा ताप उतरलेला. तिने जाताना पुन्हा घातलेली कडी काढली. तो तसाच रांगत कोपऱ्यात गेला, खड्ड्यात हात घालून चाचपत राहिला. आणि हंबरडा फोडला.

प्रमिलाने त्याला उचललं नाही. तीही खड्ड्याशेजारी बसली.