आरशाच्या जागेवर बिल्ला

घरी बसलेल्या नवऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न वहिनींना रोज सकाळी पडायचा. या बाबाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक चमच्याची, सुरीची, गाळणीची आकृती रंगवून ठेवली होती. ज्याला जे हवं त्याने आपल्या नावाचा बिल्ला त्या जागी अडकवायचा, मगच वस्तू उचलायची. सासूबाईंनी एकदा बिल्ल्याशिवाय गाळणी घेतली, तर हा त्यांच्या मागे मागे घरभर फिरला.

"अहो, हे घर आहे, कारखाना नाही!"

"कारखान्यात तरी कुठे राहिलेत बिल्ले? निदान घरात असू देत," तो म्हणाला.

विमानाच्या कारखान्यात अवजारांची खिडकी तोच सांभाळायचा. मागच्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती. अवजार नेलं की त्या जागी नेणाऱ्याचा बिल्ला. सुट्टीच्या वेळी एक जरी जागा रिकामी दिसली तरी कुणी घरी जायचं नाही आणि विमान जागचं हलायचं नाही. मग वरून काटकसरीचं फर्मान आलं. खिडकी बंद, फळ्याला पांढरा रंग, सगळी अवजारं एका ढकलगाडीत आणि खिडकीवाला घरी. वहिनी पंखांच्या जोडणीवर होत्या म्हणून वाचल्या. खिडकीवाल्याची बायको म्हणून अख्खा विभाग त्यांना वहिनीच म्हणायचा, आणि त्यांच्या तोंडाला घाबरायचाही. पुढे त्यांची पक्कड गायब झाली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना चोर ठरवून आठवडाभर विभाग डोक्यावर घेतला होता. मग आपल्या खणात खडूने आकृत्या काढून त्यांनी आपली अवजारं वेगळी ठेवली.

आज नवं विमान गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं होतं. पंखाचं शेवटचं झाकण बसवण्याआधी वहिनींनी खण उघडला, तर आरशाची जागा रिकामी! लांब दांडीचा छोटा आरसा, पंखाच्या आत जिथे नजर पोचत नाही तिथे बघायचा.

"नेला असेल कुणीतरी, राहू द्या ना वहिनी," शेजारचा जोडारी म्हणाला. त्याच्या उंचीवरून त्याला सगळे लंबू म्हणत.

"आणि आत राहिला असेल तर? आत विमान वळवणाऱ्या तारा आहेत. त्यात दांडी अडकली तर वर गेलेल्यांनी काय देवाचा धावा करायचा? झाकण लावायचं नाही!"

विभागाचे साहेब धावत आले. चापूनचोपून बसवलेले केस, नवा कोरा टाय. "अहो वहिनी, एवढासा आरसा! नवा घेऊ."

"नवा घ्या हो, पण जुना कुठाय ते सांगा."

"पंख उघडायचा म्हणजे पाहुणे ताटकळणार. आत काही निघालं नाही, तर वरच्यांना मला तुमचंच नाव सांगावं लागेल."

घरात आता त्यांचाच पगार येत होता. त्यांनी पदर खोचला.

"सांगा. पण उघडा."

एकेक झाकण निघालं. लंबूने खांद्यापर्यंत हात घालून पंखाचा कोपरा न् कोपरा चाचपला. आरसा नव्हताच. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"थांबा," लंबू म्हणाला, "इथे काहीतरी लागतंय." तारेला अगदी खेटून पडलेली वस्तू त्याने ओढून काढली. लाल पट्टी गुंडाळलेली पक्कड.

लाल पट्टी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींचा चेहरा गोरामोरा झाला.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. "मीच विसरले आणि तुम्हाला चोर म्हणत बसले. खिडकीत हे असते ना, तर त्याच दिवशी मला अडवलं असतं. बायको म्हणून सोडलं नसतं."

साहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर खणकन काहीतरी खाली पडलं. लांब दांडीचा आरसा!

"ते... स्वच्छतागृहातला आरसा फुटला, तो काटकसरीत आपण बसवलाच नाही," साहेब पुटपुटले. "टाय बघायला घेतला होता, जरासा. खिशातच राहिला, लक्षातच नाही."

आधी लंबूला हसू फुटलं, मग सगळ्या विभागाला. वहिनी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

साहेबही हसले. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी खणात आरशाच्या जागी ठेवलं आणि आरसा उचलला. "आता रीतसर नेतो. अवतार झालाय माझा आणि पाहुण्यांना उशीर का झाला ते मलाच सांगायचंय. उद्या तुमच्या यजमानांना खिडकीवर पाठवा. वरच्यांशी मी भांडतो."

घरी वहिनींनी दारातूनच सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने शांतपणे ऐकलं.

"साहेबांनी आरसा परत ठेवला?"

"ठेवल्याशिवाय मी ओळखपत्र दिलं असतं का?"

"आणि पक्कड तुझी?"

"माझीच हो."

तो पाठ फिरवून भिंतीवरचे बिल्ले काढून डब्याच्या पिशवीत भरायला लागला. आतून सासूबाईंनी हाक दिली, "अरे, घेऊ का आता गाळणी?"