पाऊण तासाचं शहर

नकाशा तुमच्या हातात आला म्हणून वाटाही तुमच्या मालकीच्या झाल्या का? अख्ख्या घराला मेंढरांसारखं युरोपभर हाकायचा ठेका तुम्हाला दिला कुणी? कुणीच नाही. तुम्ही तो घेतलात, आणि घरातल्या एकानेही हूं की चूं केलं नाही.

हे सगळं धाकट्या सुनेच्या मनात. तोंडाने ती "चहा घ्या, भाऊजी" एवढंच म्हणाली.

थोरले दीर, ज्यांना घरात पाठीमागे सगळे मुकादम म्हणत, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. पॅरिस त्यांचं, रोम जाऊबाईंचं, प्राग आणि व्हिएन्ना त्यांच्या दोन पोरांचं. माणशी एक शहर, असा न्याय. फक्त धाकट्या नवरा-बायकोचं मिळून एकच. ते कुठलं, असं नवऱ्याला विचारलं तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "दादा, तू ठरवशील ते." झालं. दादाने व्हेनिस ठरवलं.

तिला हवं होतं त्या शहरात बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिथे तिची ताई राहत होती. नर्स म्हणून गेली ती तिकडचीच झाली. आता तिची नजर जात चालली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत काय टिकेल ते टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

धाकटी दिवसभर कपड्यांच्या दुकानात लोकांच्या पँटी उसवून लांब-आखूड करायची. कुठे किती शिवण सुटू शकते, हे तिला नजरेने कळायचं.

"भाऊजी, पॅरिसची एक रात्र कमी केली, रोमची एक..."

"पॅरिसची?" मुकादमांचा चेहरा असा झाला, जणू तिने त्यांची किडनी मागितली. "अगं, तुझ्या ताईचा विचार केलाय मी. गाडी बदलायची ती तिथेच. चांगला पाऊण तास आहे. तिला स्टेशनवर बोलाव, बसा गप्पा मारत."

"बरं झालं बाई," जाऊबाई म्हणाल्या. "तू बाकावर बसणारच आहेस, तर बॅगांवर लक्ष ठेव. आम्ही तेवढ्यात कॉफी पिऊन येतो."

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि तिने ताईला फोन लावला. स्टेशनचं ऐकून ताई हसली.

"येईन की. कानांवरून ओळखीन तुला. आपल्या घराण्याचे कान, चुकायची सोयच नाही."

"ताई, थट्टा नको गं."

"थट्टा नाही. समोर बघितलं की माणसाचं तोंडच गायब होतं. कडेकडेचं तेवढं दिसतं. मग मान वळवून वळवून बघायचं, आधी हनुवटी, मग एक डोळा... एक तोंड जमवायला मला फार वेळ लागतो गं. कधी सकाळी जमतं, कधी नाही. तू चार दिवस समोर बसशील ना, तर अख्खी दिसशील."

फोन ठेवून ती बाहेर आली. टेबलावर आता व्हेनिसच्या हॉटेलात नाश्ता धरलाय की नाही, यावर वाद चालला होता.

"व्हेनिस राहू दे," ती म्हणाली. "मी ताईकडे थांबते. तुम्ही पुढे जा. परतीच्या विमानाला येऊन मिळेन."

"एकटी?" मुकादम हसले. "ग्रुपचं तिकीट आहे ते. आणि पासपोर्ट सगळ्यांचे माझ्याकडे राहणार, तिकडेसुद्धा. एका हाती असले की हरवत नाहीत." त्यांनी पायाशी ठेवलेल्या चामडी बॅगेवर थाप मारली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपराची घडी घालत होता. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली.

"आपण पुढच्या खेपेला खास जाऊ ना," तो म्हणाला.

"पुढच्या खेपेला ती मला कशाने बघेल?"

जाऊबाईंनी कप गोळा करायला घेतले. मुकादमांनी धाकट्या भावाकडे बघून भुवया उडवल्या, आवर हिला, अशा अर्थाने.

"त्यांच्याकडे नका बघू, भाऊजी. ते काही बोलणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे." ती जागची हलली नाही. "मी त्या स्टेशनवर उतरणार आणि तुमच्या पुढच्या गाडीत चढणार नाही. माझा पासपोर्ट आत्ता काढून देताय, की तिथे परक्या प्लॅटफॉर्मवर पोलिसाला बोलावून मागून घेऊ? नाव माझं, फोटो माझा. मग तो तुमच्या बॅगेत का? मी तुम्हाला विचारतेय. बोला."