सीटची उंची

त्या शनिवारी सकाळी मी पर्समध्ये मोजपट्टी टाकली आणि बाबांना म्हणाले, "हा तिसरा आठवडा. आज गाडी ठरवायचीच."

"ठरवायची म्हणजे काय? भाजी आहे?" बूट माझ्यापुढे करत बाबा म्हणाले. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेपासून त्यांच्या बुटांच्या नाड्या मीच बांधत होते. त्याबद्दल त्यांनी एकदाही तोंडातून गोड शब्द काढला नव्हता. उलट, गाठ सैल आहे, गाठ घट्ट आहे, गाठ वाकडी आहे.

मी फिरती परिचारिका आहे. डोंगरावरच्या वस्त्यांमधून जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणींना तपासायचं, हे माझं काम. माझी छोटी गाडी त्या रस्त्यावर पोट घासत चालायची. वर्षभरात दोनदा खालून दगड लागून तिचं ऑइल सांडलं होतं. दुसऱ्या वेळी मी चार तास रस्त्याकडेला बसून होते आणि वर एका म्हाताऱ्या बाईची जखम तशीच उघडी राहिली. त्यानंतर मी ठरवलं की उंच गाडी घ्यायची. नवी परवडली तर नवी, नाहीतर जुनी.

पण बाबांना व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायचं होतं. तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की सीट फार खाली नको, फार वरही नको, जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरच्या आसपास हवी. म्हणून मोजपट्टी.

बाबा तीस वर्षं लायसन्स परीक्षक होते. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की 'नापास'. शाळेत मी 'नापासची मुलगी' होते. मलाही त्यांनी तीनदा नापास केलं. चौथ्या वेळी ते तापाने घरी होते, दुसऱ्या परीक्षकाने मला पहिल्या फटक्यात पास केलं. बाबा मात्र चारचौघांत छाती फुगवून सांगायचे, "पोटच्या पोरीलाही सोडलं नाही मी."

आधी आम्ही नव्या गाड्यांच्या दुकानात गेलो. काचेसारखी फरशी, थंडगार हवा आणि गळ्यात टाय बांधलेला एक तिशीचा विक्रेता.

"या काका, या ताई! ही आपली सगळ्यात परवडणारी एसयूव्ही."

"मी तुझा काका नाही," बाबा म्हणाले.

विक्रेत्याचं हसू जागच्या जागी थिजलं. मी दार उघडून सीटची उंची मोजली. सहासष्ट. बाबा सहज बसले, आणि बसल्या बसल्या सुरू झाले.

"पुढे जाळी मोठी लावली, बाजूला काळं प्लास्टिक चिकटवलं, झाली का एसयूव्ही? ही छोटीच गाडी आहे, टाचा उंच करून उभी केलेली. स्टेपनी कुठे आहे?"

"सर, या मॉडेलला स्टेपनीऐवजी पंक्चर किट येतं. वजन कमी, मायलेज जास्त."

"ही बाई डोंगरात जाते. टायरची कड फाटली तर तुझं किट काय करील? रडेल?"

"वरच्या मॉडेलला स्टेपनी येते, सर. त्याची किंमत थोडी…"

"थोडी म्हणजे?"

त्याने आकडा सांगितला. माझ्या हिशेबाच्या बराच पलीकडचा होता. मी आभार मानले. बाबांनी मानले नाहीत. बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "नीट बोलता येत नाही का हो तुम्हाला? त्याने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"तो खोटं बोलत होता."

"नोकरी करत होता तो."

"तेच ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गाडी मलाच चालवायची होती. मी किल्ली फिरवली.

दुसरं ठिकाण जुन्या गाड्यांचं होतं. उघड्या मैदानात पन्नासेक गाड्या धुऊन-पुसून उभ्या. तिथला दलाल बाबांपेक्षा वयाने मोठा, पण केस काळेभोर. त्याने आम्हाला एक पांढरी गाडी दाखवली. चार वर्षांची, माझ्या पैशात बसणारी, सीट एकाहत्तर. मला ती बघताक्षणी आवडली. आत सुगंधाचा नुसता घमघमाट होता.

बाबांनी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिले, शेवटपर्यंत, तो संपेपर्यंत. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातीची तपकिरी रेघ होती.

"ही पाण्यात बुडालेली आहे," ते म्हणाले.

"काहीतरीच काय साहेब! लहान मुलांनी चिखलाचे हात लावले असतील."

"मुलं पट्ट्याच्या आत शिरून हात पुसत नाहीत."

शब्दाला शब्द वाढला. दलाल म्हणाला की घ्यायची नसेल तर वेळ खाऊ नका. बाबा म्हणाले की तुझा वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. लोक बघायला लागले. मी बाबांचा दंड धरून त्यांना आमच्या गाडीपर्यंत आणलं. त्यांचं बरोबर होतं, हे मला जास्त झोंबत होतं. चूक असते तर भांडता आलं असतं.

तिसऱ्या गाडीची जाहिरात मी फोनवर वाचली होती. 'आठ वर्षांची, डिझेल, एकाच हातातली, सगळ्या नोंदी आहेत. भाव पक्का.' पत्ता गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेचा होता. हिरव्या जाळीखाली हजारो कुंड्या, ओल्या मातीचा वास, आणि शेडपाशी ती करडी गाडी. आतून एका बाईचा आवाज आला, "बघून घ्या तोवर. हात मातीचे आहेत, आलेच धुऊन."

बाबांनी काठीने चाकं ठोकली, पट्टे ओढले, मला जमिनीवर झोपायला लावून खालून काय दिसतंय ते विचारलं. "गंज?" नाही. "तेल?" नाही. "पत्र्याला ठोकाठोक?" एका जागी दगडाची खूण आहे. "ती असणारच. ती नसती तर संशय आला असता." डिकीत वाळलेली पानं आणि माती पडली होती. लपवालपवी करणारी माणसं माती ठेवत नाहीत, असं बाबा म्हणाले. पुढच्या कप्प्यात फाइल होती. प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेप्रमाणे लावलेली.

"ही घे," बाबा म्हणाले.

तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा हे शब्द बाहेर पडले होते. मी सीट मोजली. ब्याऐंशी.

"बाबा, ही फार उंच आहे."

"चढेन मी."

तेवढ्यात बाई आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, हात पदराला न पुसता हवेत झटकत. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, मग बाबांकडे बघितलं आणि जागीच थांबली.

"साहेब," ती म्हणाली. "तुम्ही मला ओळखणार नाही."

बाबांनी डोळे बारीक केले. "रिव्हर्स," ते म्हणाले. "रिव्हर्स घेताना मान वळवली नाहीत तुम्ही. नुसतं आरशात बघितलं."

मी चाट पडले. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती, हे मला नंतर कळलं.

"आठवतंय की!" बाई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. "मग पुढचंही ऐका. मी तेव्हा एका फुलांच्या कंपनीत कुंड्या उचलायचे. तिथे गाडीवर ड्रायव्हरची जागा निघाली होती. महिनाअखेरपर्यंत लायसन्स आण, जागा तुझी, असं मालकाने सांगितलं होतं. मी तुमच्या शेजारी बसले. किल्ली फिरवायच्या आधी तुमच्या मांडीवरचा कागद मला दिसला. त्यावर नापास लिहिलेलं होतं. कारणही लिहिलेलं होतं, रिव्हर्समध्ये दोष. मी अजून गाडी सुरूसुद्धा केली नव्हती, साहेब."

बाबा काठीवर जरा रेलले.

"तरी मी पूर्ण फेरी मारली. रिव्हर्स घेताना मान अशी वळवली की दुखली. जागा दुसऱ्याला गेली. पुढची सहा वर्षं मी कुंड्याच उचलल्या. शेवटी दुसऱ्या शहरात जाऊन लायसन्स काढलं."

"पुरावा आहे?" बाबा म्हणाले.

"नाही."

"मग विषय संपला."

"बाबा," मी म्हणाले, "आधी लिहिलं होतं का तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदी बाळबोध प्रश्न विचारला होता. "चढतानाच कळतं," ते म्हणाले. "माणूस दार कसं उघडतो, पाय कसा टाकतो, बूड कसं टेकतो, त्यावरून पुढचं सगळं कळतं. दिवसाला चाळीस माणसं यायची. जे आधीच कळलंय ते बघण्यात वेळ कशाला घालवायचा?"

लाज नव्हती त्या आवाजात. उलट, एखादा कारागीर आपलं कसब समजावून सांगतो तसं सांगत होते.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू डावा पाय आधी टाकायचीस."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

रात्र रात्र मी त्या परीक्षांचा विचार केला होता. क्लच लवकर सोडला का, वळणावर हात चुकला का. मागची सतरा वर्षं मी गाडी चालवत होते आणि अजूनही रिव्हर्स घेताना दोनदा थांबून मागे बघायचे. आणि हा माणूस माझ्या डाव्या पायाची गोष्ट सांगत होता.

बाईने पुढे होऊन गाडीचं डावीकडचं दार सताड उघडलं.

"चढा साहेब," ती म्हणाली. "बघू द्या मलाही."

बाबा ताठ झाले. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काठी त्यांनी गाडीला टेकवून ठेवली, वरची कडी धरली आणि उजवा पाय उचलला. टाच उंबऱ्याला लागली, पण गुडघा पुढे वाकेना. त्यांनी पाय खाली घेतला आणि डावा उचलला. तो कसाबसा आत पोचला. पण शरीर वर ओढायला हातात जोर नव्हता. एक पाय गाडीत, एक जमिनीवर, असे ते लटकत राहिले. कडीला धरलेली बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम आला.

"हात दे," ते म्हणाले.

माझ्या हातात मोजपट्टी होती. दररोज मी अनोळखी माणसांना उठवते, बसवते, कुशीवर वळवते. दोन पावलं टाकली असती तर काम झालं असतं. मी टाकली नाहीत.

त्यांनी सावकाश पाय खाली घेतला आणि काठी शोधू लागले. काठी घसरून पडली होती. ती बाईने उचलून दिली, त्यांच्याकडे न बघता.

"कळलं," ती म्हणाली आणि दार लावलं.

"चल," बाबा मला म्हणाले. "ही घ्यायची नाही."

"दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच घे म्हणालात."

"मला चढता येत नाही हिच्यात."

"मला येतं," मी म्हणाले, आणि बाईकडे किल्लीसाठी हात पुढे केला.

"तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली, "पण भाव कमी करणार नाही."

"कमी करून मागितलाय का मी?"

तिने किल्ली दिली. चढताना मी कोणता पाय आधी टाकला, ते मला आठवत नाही. बाईला शेजारी घेऊन मी मागच्या टेकडीवर एक फेरी मारली. गाडी दगडांवरून गेली आणि खालून काही म्हणजे काही लागलं नाही. बाई वाटेत एकच वाक्य बोलली, "चौथा गिअर थंडीत जरा अडतो, सांगितलं नाही असं नको." परत आलो तेव्हा बाबा आमच्या छोट्या गाडीत बसून होते, काचा वर करून.

घरी जाताना ते म्हणाले, "माझा अपमान विकत घेतलास तू."

"स्वस्तात मिळाला," मी म्हणाले. तसं बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळलं. तरी बोलले.

चार दिवसांनी कागदपत्रं झाली. छोटी गाडी विकली, तिचे पैसे घातल्याशिवाय जमणार नव्हतं. आता दवाखान्यातली व्हॅन येऊन बाबांना व्यायामाला नेते. तिचा चालक शिट्ट्या वाजवतो म्हणून बाबा त्याच्यावर खार खाऊन आहेत. घरात आम्ही कामापुरतं बोलतो. जेवायला बसा. औषध घेतलं का. फोन वाजतोय. बुटाच्या नाड्या मी अजूनही बांधते. गाठीबद्दल ते आता काहीच बोलत नाहीत, आणि ते जास्त जड जातं.

गेल्या आठवड्यात वरच्या वस्तीला जाऊन आले. वाट वाहून गेली होती, तिथूनही गाडी चढली. एका दिवसात सात घरं झाली. पूर्वी तीन व्हायची.

परतताना गॅरेजमध्ये थांबले. मिस्त्रीने गाडीभोवती फेरी मारली, चांगली मिळाली म्हणाला, आणि मग म्हणाला, "ताई, घरात कोणी वयस्कर आहे का? दाराखाली पायरी बसवून देतो. तासाभराचं काम. मग लहान मूलसुद्धा चढेल."

"आत्ता नको," मी म्हणाले.

"मग कधी?"

मी चाकांकडे बोट दाखवलं. हवा भरून घेतली आणि घरी आले. बाबा खिडकीत बसून होते. गाडी आत घेताना ते बघत होते, हे मला मान न वळवताही दिसत होतं.